मस्तक कोणाचें?

संध्याकाळच्या सुमारास परभणीच्या वसमत रस्त्यावर एखाद्या चौकांत घटकाभर उभें राहिलें असतां एक मौजेचा देखावा दृष्टीस पडतो. कृषि विद्यापीठाकडून, मोंढ्याकडून, कचेऱ्यांकडून मोटारसायकलींचा लोंढा येत असतो. बहुतेकांचीं डोकीं उघडीं असतात. ज्यांच्यापाशीं हेल्मेट आहे त्यांच्यापैकींही पुष्कळांचें तें आरशाला टांगलेलें, टाकीवर ठेवलेलें किंवा कोंपरांत अडकवलेलें असतें. पुढें वाहतूक-पोलिस उभा दिसला कीं तें लगबगीनें डोक्यावर चढतें. चौक ओलांडला कीं पुन्हां आरशावर जाऊन बसतें. जणूं काय अपघात म्हणून जे व्हावयाचे ते पोलिसाच्या समक्षच व्हावयाचे!

हें पाहून प्रथम हंसूं येतें; पण मनाशीं थोडा विचार करूं लागलें कीं तें ओसरतें. मोटारवाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वयें हेल्मेटवांचून दुचाकी चालविणारास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना स्थगित, अशी शिक्षा सांगितली आहे. म्हणजे हजार रुपयांच्या भयानें जो मनुष्य आपलें डोकें झांकतो, तोच प्राणाच्या भयानें तें झांकीत नाहीं. त्याला प्राणापेक्षां हजार रुपये अधिक मोलाचे वाटतात काय? तसें म्हणतां येत नाहीं. कारण घरीं चार दिवस ताप हटला नाहीं तर हाच मनुष्य पांच हजार रुपये खर्चून नांदेडास धांव घेतो. प्राणाची किंमत तो पुरी जाणतो. मग त्याची बुद्धि चुकते कोठें?

मला वाटतें, मनुष्य जें दुःख अंगाला लागतें त्यालाच भितो. जें केवळ संभवनीय आहे त्याला भीत नाहीं. आमच्या परभणीचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. मे महिन्यांत पारा ४४ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां डोक्याला रुमाल गुंडाळल्यावांचून कोणी घराबाहेर पाऊल टाकीत नाहीं. पौषांतल्या थंडींतही तोच प्रकार. मफलर कानांवरून ओढून घेतल्यावांचून पहांटे गाडी सुरू होत नाहीं. म्हणजे डोकें झांकण्याची आम्हांस लाज नाहीं, आळस नाहीं, कीं हौसेची अडचण नाहीं. ऊन प्रत्यक्ष भाजतें, वारा प्रत्यक्ष झोंबतो, पोलिस प्रत्यक्ष दिसतो. दगडावर आपटलेलें डोकें मात्र ज्याला दिसलें असेल त्यालाच दिसतें.

ही गोष्ट केवळ वाहतुकीची असती तर ती पोलिसखात्याकडे सोंपवून आपणांस मोकळें होतां आलें असतें. परंतु तिच्या पोटांत एक नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर ज्यानें त्यानें स्वतःशींच द्यावयाचें आहे. माझें मस्तक कोणाचें? तें माझें एकट्याचें असेल तर त्याची काळजी घेण्यास मला भाग पाडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास पोंचतो काय? आणि तें माझें एकट्याचें नसेल तर त्यांत आणखी कोणाकोणाचा वांटा आहे? हा प्रश्न मीं पुस्तकांत वाचून काढलेला नाहीं. तो माझ्या घरांत ज्या वाटेनें आला, ती सांगितल्यावांचून पुढें लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

माझ्या वडील बंधूंचा मुलगा येथेंच राहून पदवीचा अभ्यास करीत होता. परीक्षेंत चांगले गुण मिळाले म्हणून त्याला मोटारसायकल मींच घेऊन दिली. गाडीबरोबर हेल्मेट आलें, तें चार दिवस मिरवून झाल्यावर माळ्यावर गेलें. मार्गशीर्षांतल्या एका संध्याकाळीं तो पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनास निघाला. वहिनी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तेवढं डोक्यावर घालून जा." त्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं हंसून म्हटलें, "वहिनी, पोखर्णी काय दूर आहे? आतां जाईल आणि आतां येईल." तो गेला.

परत येतांना अंधार पडला होता. उसानें भरलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली रस्त्यावरच उभी होती; तिला मागें ना दिवा होता, ना तांबडी पट्टी. तो तिच्यावर आदळला. अंगावर म्हणण्यासारखी जखम नव्हती. हातपाय धड होते. जें कांहीं लागलें तें डोक्याला लागलें आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. चौथ्या दिवशीं पहांटे तो गेला. हेल्मेट असतें तर तो खात्रीनें वांचला असता, असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. परंतु वांचण्याचा संभव होता, आणि तो संभव मीं हंसण्यावारी नेला, एवढें मात्र शपथेवर सांगूं शकतों. वहिनी त्या संध्याकाळच्या माझ्या वाक्याविषयीं आजतागायत एक शब्दही बोललेल्या नाहींत.

तेव्हांपासून मीं या विषयाची जी माहिती मिळविली तिच्यांतील थोडी वाचकांपुढें ठेवतों; कारण ज्याला वस्तुस्थिति ठाऊक नाहीं त्याच्याशीं कर्तव्याच्या गोष्टी बोलणें व्यर्थ होय. आमच्याकडील जुन्या घरांचें माळवद जमिनीपासून साधारण तीन मीटर उंच असतें. तेथून खालीं पडणारी वस्तु जमिनीला टेंकते तेव्हां तिचा वेग ताशीं सुमारें २८ किलोमीटर झालेला असतो. पोर माळवदाच्या कडेला उभें राहिलें तर घरांतल्या साऱ्या बायका ओरडतात, आणि तेंच पोर ताशीं २८ किलोमीटरनें मोटारसायकल चालवूं लागलें तर "किती सावकाश चालवतो हो!" असें कौतुक होतें. वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची शक्ति चौपट होते, हा निसर्गाचा नियम आहे. ताशीं ६० किलोमीटरच्या वेगानें अचल वस्तूवर आदळणें म्हणजे चौदा मीटरांवरून पडणें. एकावर एक रचलेल्या जवळ जवळ पांच माळवदांवरून पडणें होय. याच वेगानें गाडी सेकंदाला सुमारें १७ मीटर पुढें जाते. अंधारांत कांहीं आडवें दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावरसुद्धां गाडी थांबावयास आणखी पंचवीसेक मीटर लागतात. दिव्याच्या उजेडांत तीस मीटरांवर ट्रॉली दिसली, तर ती दिसूनही न दिसल्यासारखीच होय.

हेल्मेटाची करामत त्याच्या वरच्या कठीण कवचांत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. खरें काम आंतला थर्मोकोलसारखा जाड थर करतो. आघात झाला म्हणजे तो स्वतः चुरगळतो, आणि त्या चुरगळण्यांत जो क्षणाचा अंश जातो तेवढ्या अवधींत डोक्याचा वेग उतरतो. मेंदू कवटींत एकदम न आपटतां कांहींसा सांवरला जातो. म्हणूनच ज्या हेल्मेटानें एकदां मोठा मार खाल्ला तें वरून धड दिसलें तरी निकामी झालें, असें समजावें. आणि म्हणूनच हनुवटीखालचा पट्टा न बांधतां घातलेलें हेल्मेट म्हणजे नुसती टोपी होय. पडतांना तें डोक्याच्या आधीं उडून जातें. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २००८ सालीं जो आढावा प्रसिद्ध झाला त्यांत असें निघालें कीं, हेल्मेटामुळें अपघातांत सांपडलेल्या स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या दुखापतीचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो. सर्व धोका टळतो असें कोणीच म्हणत नाहीं. पण शंभरांतलीं चाळीस माणसें परत येत असतील तर तीं कोणाच्या तरी घरींच परत येत असतात.

या ज्ञानाच्या उगमाचा इतिहासही मननीय आहे. अरबस्थानांतील पराक्रमामुळें जगभर गाजलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स हा १९३५ च्या मे महिन्यांत आपल्या मोटारसायकलवरून जात असतां, सायकलवरील दोन मुलांना चुकवूं गेला आणि फेंकला गेला. सहा दिवसांनीं तो मरण पावला. त्याच्या डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याच्या उपचारांसाठीं बोलाविलेल्या शल्यवैद्यांत ह्यू केर्न्स नांवाचा एक मेंदूचा शल्यवैद्य होता. रोगी हातचा गेला, परंतु त्या मृत्यूनें केर्न्सच्या मनाची पाठ सोडली नाहीं. सैन्यांतील निरोप्ये मोटारसायकलींवरून पडून कसे मरतात याचा त्यानें कसून अभ्यास केला, आणि १९४१ सालीं हेल्मेटाचें महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांतील अशा स्वारांना हेल्मेट सक्तीचें झालें. सामान्य नागरिकांना तें सक्तीचें व्हावयास १९७३ साल उजाडावें लागलें. तेव्हां केर्न्सला जाऊन एकवीस वर्षें लोटलीं होतीं. एका मनुष्याच्या मृत्यूपासून शिकावयास एका वैद्याला सहा वर्षें लागलीं, आणि त्याच्यापासून शिकावयास एका सुधारलेल्या राष्ट्राला आणखी बत्तीस! 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ही म्हण करणारा मनुष्य मोठा आशावादी असला पाहिजे.

आतां सक्तीच्या प्रश्नाकडे वळूं. पुण्यांत २०१९ च्या जानेवारीपासून पोलिसांनीं हेल्मेटसक्ती कडक केली तेव्हां तेथील नागरिकांनीं तिच्याविरुद्ध मोर्चे काढले. त्यांना अडाणी म्हणून उडवून लावणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. आमचें डोकें सांभाळावयास आम्ही समर्थ आहों, सरकारनें आमचें पालक होऊं नये, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. आणि त्याच्या पाठीशीं एक थोर विचारपरंपरा उभी आहे. आगरकरांच्या पिढीवर ज्याच्या विचारांचा मोठा पगडा होता त्या मिल्लनें १८५९ सालीं आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, दुसऱ्यास इजा होत असेल तरच समाजानें मनुष्यावर बळजबरी करावी. त्याच्या स्वतःच्या हितासाठीं म्हणून करूं नये. हें तत्त्व मला मान्य आहे. ज्या मुलखानें १९४८ पर्यंत निजामाची राजवट सोसली त्या मुलखांतील मनुष्याला सरकारच्या मायेपेक्षां स्वातंत्र्याचें मोल अधिक कळावें, यांत नवल नाहीं.

परंतु मिल्लला साक्षीस बोलवावयाचें तर त्याची सबंध साक्ष ऐकून घेतली पाहिजे. त्याच ग्रंथांत त्यानें पुलाचा एक दृष्टान्त दिला आहे. पूल धोक्याचा आहे हें ठाऊक नसलेला मनुष्य त्याच्यावर पाऊल टाकीत असेल आणि त्याला सांगावयास वेळ नसेल, तर त्याला धरून मागें ओढण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं. कारण त्याला पलीकडे जावयाचें आहे, नदींत पडावयाचें नाहीं. पण मरण निश्चित नसून नुसता संभव असेल, तर मात्र मिल्लच्या मतें त्याला धोका समजावून द्यावा आणि निवड त्याची त्याला करूं द्यावी. येथपर्यंत पुणेकरांचा पक्ष बळकट आहे. पुढें मात्र मिल्ल अपवाद सांगतो: तो मनुष्य अजाण बालक असेल, भ्रमिष्ट असेल, किंवा विचारशक्ति नीट चालूं नये अशा आवेशांत वा तंद्रींत असेल, तर ही गोष्ट लागू नाहीं. नवी मोटारसायकल मिळालेला वीस वर्षांचा तरुण, संध्याकाळचा गार वारा, आणि समोर मोकळा रस्ता! याला आवेश म्हणावयाचें नाहीं तर दुसऱ्या कशाला म्हणावयाचें? आणि रोजच्या त्याच रस्त्यानें कचेरीस जाणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाची जी स्थिति असते, ती तंद्रीच नव्हे काय?

मिल्लचा दुसरा अपवाद याहून महत्त्वाचा आहे. मनुष्याच्या स्वतःपुरत्या म्हणविणाऱ्या वर्तनामुळें, ज्यांचें तो देणें लागतो अशा ठराविक माणसांचें देणें बुडत असेल, तर तें वर्तन स्वतःपुरतें राहत नाहीं, असें तो स्पष्ट म्हणतो. येथें आपल्या प्रश्नाची गांठ सुटूं लागते. ज्याच्या पाठीमागें कोणी नाहीं, ज्यानें कोणाचें लहानपणीं खाल्लें नाहीं, म्हातारपणीं ज्याची कोणी वाट पाहणार नाहीं, अशा मनुष्याचें मस्तक त्याचें एकट्याचें असेलही. असा मनुष्य परभणी जिल्ह्यांतल्या नऊ तालुक्यांत मला अद्याप भेटलेला नाहीं. आपल्याकडे मस्तक हें नेहमींच सामाईक शेताप्रमाणें असतें. सात-बाऱ्यावर नांव एकाचें असलें तरी आईचा वांटा, बायकोचा वांटा, ज्यांचें शिक्षण राहिलें आहे त्या मुलांचा वांटा, आणि ज्यानें कर्जास जामीन दिला त्या सोयऱ्याचाही वांटा त्यांत असतो. सामाईक शेत एकट्यानें जुगारांत लावणें याला आपण स्वातंत्र्य म्हणत नाहीं.

येथें कायद्याच्या एका बारकाव्याचा उल्लेख करणें अवश्य आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यानें पगडी घालणाऱ्या शिखांना हेल्मेटांतून सूट दिली आहे. म्हणजे ज्याला धर्मबुद्धि आड येते त्याच्या सदसद्विवेकापुढें कायद्यानें मान तुकविली. पण 'केस विसकटतात', 'उकडतें', 'कोठें ठेवावें हा प्रश्न पडतो' हीं कारणें सदसद्विवेकाच्या पंक्तीला बसूं शकत नाहींत. सोयीच्या अंगावर स्वातंत्र्याची शाल घातली म्हणून ती तत्त्व होत नाहीं.

दुसरा आक्षेप दैववाद्यांचा. आमच्या घरीं समाचारास आलेल्यांपैकीं कितीजण तरी म्हणाले, "देवाच्या दर्शनाला गेलेला पोर, आणि असं व्हावं! दोरीच तुटली होती, त्याला कोण काय करणार?" त्या वेळीं त्या बोलण्याचा आधार वाटला, हें मी नाकारीत नाहीं. दुःख सोसण्यासाठीं दैव हा मोठा आसरा आहे. पण जें झालें तें सोसण्यासाठीं जें औषध दिलें, तें जें अद्याप झालें नाहीं त्याच्यावर घेतलें, म्हणजे त्याचें विष होतें. असें बोलणारे बहुतेक शेतकरी होते. आणि त्यांच्यापैकीं एकही आपली शेती दैवावर सोडीत नाहीं. पेरणीपूर्वीं बियाण्याला औषध चोळतो, बांध घालतो, आणि आभाळ भरून आलें कीं धांवत जाऊन कडब्याची गंजी झांकतो. पाऊस पडणें न पडणें देवाकडे. गंजी झांकणें आपल्याकडे. हा भेद ज्याला शेतांत कळतो त्याला रस्त्यावर न कळावा काय?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तो कोणी मोठ्यानें बोलत नाहीं म्हणून मींच बोलतों. हा सर्व उपदेश सुस्थितींतल्या लोकांनीं गरिबाला करावयाचा, असें याचें रूप होत नाहीं काय? ज्या गांवाला एस. टी. वेळेवर जात नाहीं त्या गांवचा मनुष्य बायको, दोन मुलें आणि खताचें पोतें एकाच गाडीवर घेऊन निघतो, तो हौसेनें निघत नाहीं. काळ्या मातींतला रस्ता पावसाळ्यांत फुगतो, उन्हाळ्यांत भेगाळतो, आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. पहिल्या पावसांत शेतांतून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर जो चिखल डांबरावर येतो त्यावरून चाक साबणावरून घसरावें तसें घसरतें. रात्रीं रोही किंवा रानडुकरें अचानक आडवीं येतात. आणि दिवा नसलेली ती ट्रॉली! तिच्या मालकानें शंभर रुपयांची तांबडी पट्टी लावली असती तर माझ्या पुतण्याच्या डोक्यावर हेल्मेट होतें कीं नव्हतें याची चर्चा करण्याची पाळीच आली नसती.

हें सर्व खरें आहे, आणि म्हणूनच हेल्मेटाचा उपदेश करून आपलें कर्तव्य संपलें असें समजणाऱ्या सरकाराला, कंत्राटदाराला वा ऊसवाहतूकदाराला सुटका मिळतां कामा नये. रस्त्यावरची सुरक्षितता हें सर्वांनीं मिळून फेडावयाचें ऋण आहे. परंतु दुसऱ्यानें आपला हप्ता भरला नाहीं म्हणून मींही भरणार नाहीं, हा न्याय येथें चालत नाहीं. कारण त्याच्या चुकीचा दंड माझ्या घरावर बसतो. दुसऱ्याच्या दोषावर बोट ठेवण्याचा माझा हक्क मी जिवंत असलों तरच मला बजावतां येतो. रस्ता वाईट आहे, याचा अर्थ मीं सावकाश जावें, दोन्ही ब्रेक नीट ठेवावे, दारू पिऊन गाडीला हात लावूं नये, आणि डोकें झांकावें, असाच होतो. रस्ता वाईट म्हणून डोकें उघडें ठेवावें, असा तो कोणत्या तर्कानें होईल?

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहितांना मला संकोच वाटतो, कारण तींत मीही दोषी आहें. भारत सरकारनें प्रसिद्ध केलेल्या २०२२ सालच्या आंकड्यांप्रमाणें त्या वर्षीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९ होतीं. आणि या पन्नास हजारांतलीं १४,३३७ माणसें गाडी चालवीत नव्हतीं, तीं मागें बसलेलीं होतीं. मागें बसणारें माणूस कोण असतें? बहुधा बायको, आई, बहीण, नाहीं तर मूल. मागच्या स्वारालाही हेल्मेट हवें, असा कायदा आहे. चार वर्षांच्या आंतील मुलांसाठीं पट्टा, हेल्मेट आणि ताशीं ४० किलोमीटरची मर्यादा सांगणारे नियमही २०२२ सालीं झाले आहेत. पण आपल्या शहरांतलें नेहमींचें चित्र असें कीं, पुढें बसलेल्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर हेल्मेट, आणि मागें एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन, पदर सांवरीत बसलेल्या गृहिणीचें डोकें उघडें. मीं स्वतः कित्येक वर्षें असाच प्रवास केला. दंड चालविणारालाच होतो, एवढा हिशेब मला कळत होता. एका गाडीवर बसलेल्या तीन मस्तकांपैकीं एकच रक्षणीय ठरविण्यांत आपण आपल्या कुटुंबांतील माणसांच्या प्राणांची प्रतवारी लावीत आहों, हें माझ्या ध्यानीं आलें नाहीं. वेग मी ठरवितों, वाट मी ठरवितों, ओव्हरटेक करावयाचें कीं नाहीं तें मी ठरवितों. आणि ज्यांना यांतलें कांहींच ठरवितां येत नाहीं त्यांचें डोकें मात्र उघडें! स्वातंत्र्याचा युक्तिवाद येथें तर उभाच राहूं शकत नाहीं. कारण मागें बसलेल्या मुलानें कोणतेंही स्वातंत्र्य वापरलेलें नसतें.

तर मग सक्तीनें माणूस शहाणा होतो काय? पोलिसाला पाहून घातलेलें हेल्मेट हा सद्गुण म्हणावा काय? नीतिशास्त्राच्या कांट्यावर तोललें तर तो सद्गुण नव्हे, हें उघड आहे. पण सद्गुण तरी कोणाच्या अंगीं जन्मतःच येतात? दांत घासणें हेंही लहानपणीं आपण वडिलांच्या धाकानेंच करतों. पुढें धाक जातो, संवय राहते, आणि कांहीं वर्षांनीं दांत न घासतां राहणें हीच शिक्षा वाटूं लागते. 'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' असें आम्ही अभिमानानें म्हणतों. तर त्या जर्मनीचेंच उदाहरण घ्या. पश्चिम जर्मनींत हेल्मेटाचा नियम १९७६ सालीं झाला, आणि न घालणारास दंड १९८० पासून होऊं लागला. शिस्तीबद्दल जगांत नांवाजलेल्या लोकांनाही नुसता उपदेश पुरला नाहीं. नियमाला दंडाची जोड द्यावी लागली. तेव्हां परभणीकरानें स्वतःविषयीं फारसें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. मात्र जर्मनीशीं नातें सांगावयाचें तर तें पुरतें सांगावें.

मी आतां पोखर्णीस जावयाचें असो कीं कोपऱ्यावरच्या दुकानांत, हेल्मेट घातल्यावांचून गाडी सुरू करीत नाहीं. घरांत दुसरें हेल्मेट आणलें आहे. तें आरशासारखें शोभेस न ठेवतां सौभाग्यवती घालतात. प्रथम त्यांना फार लाजल्यासारखें झालें. आतां तें त्यांच्या अंगवळणीं पडलें आहे. यांत माझा मोठेपणा कांहीं नाहीं. ज्याला इतकी फी भरून धडा मिळाला त्यानें तो पाठ केला, एवढेंच.

वहिनी मात्र याहून अधिक करतात. आमच्या आळींतला कोणताही मुलगा गाडी काढतांना दिसला कीं त्या ओट्यावर येतात आणि विचारतात, "टोपी घेतली का रे?" हेल्मेटाला त्या टोपीच म्हणतात. कांहीं मुलें त्यांना चुकवून मागच्या बोळानें जातात. बरींचशीं त्यांच्यासमोर घालतात आणि वळणावर गेलीं कीं काढून आरशाला अडकवतात. चौकांतल्या पोलिसाची आणि त्यांची योग्यता मुलांनीं एकच ठरविली आहे. हें मला पाहवेना. परवां मीं त्यांना म्हटलें, "वहिनी, तुम्ही उगीच घसा कोरडा करतां. वळण आलं कीं काढतात तीं."

त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे, भाऊजी. वळणापर्यंत तर घालतात ना? उद्यां त्याच्या पुढं जातील."

आणि त्या पुन्हां ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.